सुगनाच्या नावाचं रक्त

१

भंवरलालजींनी टेबलावर दोन कागद ठेवले आणि ते उभेच राहिले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"वाचा," ते म्हणाले.

तातेरावानं चष्मा लावला. पहिला कागद याच दवाखान्यातून गेलेल्या रक्ताचा होता. सुगना पारसमल, वय तेवीस. रक्त घेतल्याची तारीख एकवीस ऑगस्ट एकोणीसशे शहाण्णव. बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला की रक्तात वाढणारं द्रव्य : पाचाच्या आत. दुसरा कागद औरंगाबादच्या एका मोठ्या इस्पितळाचा, एक सप्टेंबरचा. नाव तेच, वय तेच. आकडा मात्र चार लाख ऐंशी हजार.

"अकरा दिवस," भंवरलालजी म्हणाले. "अकरा दिवसांत माझ्या पोरीच्या रक्तात एवढं आलं कुठून? परवा तिला अग्नी देऊन आलो. छातीचा फोटो काढला तर फुप्फुसात गाठीच गाठी, डोक्यातही गेल्या होत्या. तिथला डॉक्टर म्हणला, पाच महिने आधी आणली असती तर नुसत्या इंजेक्शनांवर बरी झाली असती. मी म्हणलं, साहेब, दर महिन्याला रक्त तपासत होतो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी खोटं बोलून राह्यलो."

वडीगोद्रीला हमरस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी गोड बोललेला माणूस. आजही त्यांचा आवाज चढला नाही.

"राखीला तिला न्यायला आल्तो. पोरगी खोकत होती, उठवत नव्हतं. मी म्हणलं, औरंगाबादला दाखवू. तर हा तुमचा कागद माझ्या हातात दिला. रिपोर्ट चांगला आहे म्हणले. मी कागद वाचला आणि परत गेलो. चार दिवसांनी औरंगाबादला न्यावीच लागली." त्यांनी चार बोटं वर केली. "चार दिवस देतो. चूक कुठं झाली ते तुम्ही सांगा. न्हाई तर पोलिसात तुमचं नाव जाईल. रक्त तुमच्या हातानं काढलंय."

२

जुन्या जालन्यातल्या त्या दवाखान्यात तातेराव अठरा वर्षं रक्त काढत होता. मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. नावं आणि चेहरे त्याच्या ध्यानात राहत नसत; हात राहत. कोणाची शीर घसरते, कोणाची खोल आहे, हे त्याला दोन वर्षांनीही आठवे.

डॉक्टर उषाबाईंनी दोन्ही कागद पाहिले आणि दार लावून घेतलं.

सुगनाचा आजार त्यांनीच पकडला होता. फेब्रुवारीत ती दिवस गेले म्हणून आली. तपासलं तर पोटात मूल नव्हतं, द्राक्षगर्भ होता. द्राक्षाच्या घोसासारखे नुसते फुगे. तो काढून टाकला. पण अशा बाईच्या अंगात दोन-चार पेशी मागे राहिल्या तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतो, आणि तो फार जल्दी पसरतो. एकच बरं, की हा कॅन्सर लपत नाही. गाठ दिसायच्या आधी रक्तात त्याचा आकडा दिसतो. पेशी वाढल्या की आकडा वाढतो, मेल्या की उतरतो. म्हणून आकडा तळाला जाईपर्यंत दर आठवड्याला, मग दर महिन्याला रक्त घ्यायचं आणि बर्फात घालून मुंबईला पाठवायचं. आकडा शून्यावर येऊन वर्षभर तिथंच राहीपर्यंत बाईनं दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

"ऐंशी हजार, नऊ हजार, बाराशे," बाईंनी वही उघडून वाचलं. "चौथ्या आठवड्यात एकतीसशे. वाढला. मी तिच्या सासूला सांगितलं, पुढच्या खेपेला अजून वाढला तर इंजेक्शनं सुरू करू. आणि इंजेक्शनांनंतर पुन्हा एक वर्ष मूल नाही."

"मंग पाचव्या आठवड्याला पाचाच्या आत."

"हो."

"बाई, एकतीसशेचा आकडा आठ दिवसांत तळाला जातो का?"

उषाबाईंनी वही मिटली. "नाही जात. उतरला तरी शे-दीडशे राहायला पाहिजेत."

"मंग तेव्हा..."

"तेव्हा बाहेर साठ बाया बसल्या होत्या, तातेराव. आकडा उतरला म्हणून मला बरं वाटलं. बरी झालेल्या पेशंटला मी कशाला आत बोलावू? पुढच्या महिन्यांचे कागद आले तसे सही करून खिडकीवर दिले." त्यांनी टेबलावरचे दोन्ही कागद तातेरावापुढे सरकवले. मग शांतपणे म्हणाल्या, "नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही चिकटवता. भंवरलालजी पोलिसात गेले, तर मला तेच सांगावं लागेल."

३

मुंबईला जाताना नळी फुटली तर असावं म्हणून तातेराव प्रत्येक बाईचं रक्त गोठल्यावर वर सुटणारं थोडं पाणी वेगळ्या छोट्या नळीत काढून फ्रीजरमध्ये ठेवी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

सुगनाच्या नावाच्या दहा नळ्या निघाल्या. चार आठवड्यांच्या चार, पुढच्या सहा महिन्यांच्या सहा.

फेब्रुवारीच्या केसपेपरवर सुगनाचा रक्तगट बी लिहिला होता. बी गटाच्या रक्तातलं पाणी ए गटाच्या पेशींना गोळा करतं, स्वतःच्या पेशींना करत नाही. एवढं तपासायला काचेची पट्टी आणि दोन थेंब पुरे. तातेरावानं दहा नळ्या हातात धरून वितळवल्या आणि पट्ट्या मांडल्या.

पहिल्या चार नळ्या बी निघाल्या.

पाचवी निघाली ए. सहावी ए. सातवी, आठवी, नववी, दहावी, सगळ्या ए.

तो स्टुलावर बसला. चिठ्ठी एकदा चुकते, फार तर दोनदा. सहा महिने चुकायची आणि सहाही वेळा एकाच गटावर जायची, असं होत नाही. चूक त्याची नव्हती आणि मुंबईचीही नव्हती. मार्चपासून सुगनाच्या नावानं दुसरीच बाई या स्टुलावर येऊन बसत होती. भंवरलालजींच्या व्याह्यांकडे सुना परक्या पुरुषासमोर घुंगट ओढत. सुगना पहिल्या दिवसापासून तोंड झाकूनच आली होती. त्यानं फक्त हात पाहिला होता.

मग त्याला आठवलं. सुगनाच्या कोपराची शीर सापडायची नाही, म्हणून तो चुडा वर सरकवून मनगटातून रक्त घेई. तिथंही सुई दोनदा टोचावी लागे. मार्चमध्ये मात्र शीर बोटाखाली टपकन उभी राहिली होती. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आता तब्येत सुधारली बरं का, बाई."

घुंगट तेवढं आणखी खाली ओढलं गेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी तो सुगनाच्या सासरी बसायला गेला. बैठकीत सासू प्रेमबाई, सुगनाचा नवरा पारस आणि भिंतीला सुगनाचा हार घातलेला फोटो. प्रेमबाई साठीच्या, बोलणं मोजकं. सगळे त्यांना माजी म्हणत.

"आमचं नशीब," त्या म्हणाल्या. "दवाखान्यानं बरी म्हणलं, आम्ही बरी समजलो."

"रक्त द्यायला त्यांच्यासोबत कोण येत होतं, माजी?"

"घरचं कोणीतरी. मी रोज सकाळी जैन स्थानकात असते, प्रवचनाला."

पारस खाली पाहत होता. आतल्या दारात थोरली सून संतोषबाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. दहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. दोन मुली. अंगावर राखाडी साडी, तोंडावर पदर, हात कोपरापर्यंत मोकळे. पेला ठेवून ती आत गेली.

परत निघताना मागच्या दाराशी स्वयंपाकीण पुष्पाबाई भेटली. तिच्या हातभर हिरवं गोंदण होतं. ही नव्हे, तातेरावानं मनाशी म्हटलं. सहा वेळा पाहिलेल्या त्या हातावर एक ठिपकासुद्धा नव्हता.

"धाकटी बहू जिना तरी कुठं उतरत होती," पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाली. "जूनमध्ये दिवस तपासायच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. माजींनी गल्लीत पेढे वाटले. डॉक्टरीणबाईला सांगू नका म्हणल्या, वर्षाची बंदी होती ना. मंग रक्त पडाय लागलं. गर्भ टिकावा म्हणून पोरीला खाटेवरून उठू देत नव्हते."

त्या पट्टीवरच्या दोन रेघा मुलाच्या नव्हत्या. पट्टी ज्याला दिवस समजते, तेच हा कॅन्सर रक्तात सोडतो. या घरानं गाठीचे पेढे वाटले होते.

"मंग दवाखान्यात कोण येत होतं?"

"मला काय माहीत. त्या दिवशी मला सुट्टी राहायची. आधी दोनदा माजींनी सांगितलं, उद्या येऊ नको. मंग मोठी बहू सांगायची."

५

घरात तीन बाया. प्रेमबाईंच्या हाताची कातडी सैल, म्हातारी, ती नव्हे. पुष्पाबाईला गोंदण. राहिली संतोषबाई. पण विधवेच्या हातात चुडा कुठून येणार? स्टुलावरच्या बाईच्या मनगटावर तर लाखेचा भरगच्च लाल चुडा होता आणि अंगावर गुलबक्षी ओढणी. बाहेरची कोणी असेल? एखादी नात्यातली? तातेरावाला रात्री डोळा लागला नाही. भंवरलालजींचे दोन दिवस संपले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गरोदर मारवाडी सून रक्त द्यायला आली. तिनं मनगट पुढे केलं. तातेरावानं सवयीनं चुडा वर सरकवला आणि त्याचा हात थांबला.

चुड्याखाली कातडीचा गोरा पट्टा होता. लग्नापासून ऊन न लागलेली ती जागा फिकट आणि मऊ होती, कडेला लाखेचा बारीक घट्टा पडला होता.

सुगनाच्या मनगटावरही तो होता. चार वेळा त्यानं तो पाहिला होता. आणि मार्चपासून आलेल्या मनगटावर तो नव्हता. चुडा वर सरकवला तरी खालची कातडी पुढच्या-मागच्या कातडीसारखीच सावळी आणि उन्हाची होती. चुडा त्या हातावर सकाळीच चढला होता आणि घरी गेल्यावर उतरणार होता.

त्या सुनेचं रक्त घेऊन तो मागच्या खोलीत गेला आणि जुन्या बाळंतपणांचे गठ्ठे सोडले. संतोषबाईचं दुसरं बाळंतपण याच दवाखान्यात झालं होतं. पिवळा पडलेला केसपेपर तासाभरानं मिळाला.

रक्तगट ए.

६

प्रेमबाई स्थानकात गेल्या तेव्हा तो गेला. संतोषबाई अंगणात डाळ निवडत होती; त्याला पाहून तिनं घुंगट ओढलं. त्यानं ओसरीच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. नळ्या, गट, मनगट. तिनं मध्ये तोडलं नाही. बोटं डाळीतून फिरत राहिली.

"आमच्या वहीत पेशंटसोबत कोण आलं ते मी लिहितो," तातेराव म्हणाला. "त्या सहांतल्या पहिल्या दोन वेळी सासू. पुढच्या चार वेळी कोणी न्हाई. पुष्पाबाईला पहिल्या दोन वेळी माजींनी सुट्टी दिली, मंग तुम्ही दिली. दोन वेळा तुम्हाला धाडलं, बाई. चार वेळा तुम्ही आपल्या मनानं आलात. का?"

"मला वाटलं होतं, कधीतरी कोणी विचारेल," ती म्हणाली. "घरातलं विचारेल असं वाटलं होतं."

तिनं परात बाजूला ठेवली.

"माजी म्हणल्या, डॉक्टरीण वर्ष-वर्ष लांबवून राह्यली. पारस दुसरी करीन म्हणतो. तू जा, तुझं रक्त दे. सुगनाचा चुडा, सुगनाची ओढणी माजींनीच काढून दिली. मी तोंड झाकलं आणि गल्लीतून निघाले. दहा वर्षांनी, भाऊ. हातातल्या चुड्याचा आवाज ऐकत चालले. भाजीवाली म्हणली, या बहूजी. मला कोणी बहूजी म्हणून राह्यलं होतं."

ती पुढे सांगू लागली, "दोनदा झाल्यावर माजी म्हणल्या, बस, आता गरज न्हाई. मी मात्र मे महिन्यात तारीख मोजत बसले. माजी स्थानकात गेल्या की चुडा चढवायचा. सुगना खाटेवर. तिला म्हणायची, तुझ्यासाठीच जाते."

"ती काही बोलायची न्हाई?"

"बोलायची. जुलैपासून खोकल्यातून रक्त येत होतं. म्हणायची, जिजी, ह्या वेळी मला घेऊन चला, मला बाईंना दाखवायचंय."

"मंग?" तातेरावानं विचारलं.

"तिला नेलं असतं तर चुडा तिच्या हातात राहिला असता," संतोषबाई म्हणाली. "मी म्हणलं, तू पड. मी जाऊन येते."

"तुम्हाला कळत होतं ती मरून राह्यली?"

"जुलैत कळत नव्हतं. ऑगस्टात कळत होतं." तिनं पदराच्या टोकानं हात पुसले. "ऑगस्टात पण गेले. तिच्या वडिलांना कागद मीच दाखवला."

७

चौथ्या दिवशी बैठकीत भंवरलालजी, पारस, प्रेमबाई आणि तातेराव बसले. संतोषबाई दाराच्या चौकटीशी, तोंड झाकून.

तातेरावानं काचेच्या पट्ट्यांवरच्या तपासणीचे कागद आणि जुना केसपेपर समोर ठेवला आणि ओळीनं सांगितलं. कोणाचं रक्त, कसं ओळखलं, किती वेळा. पहिल्या दोन वेळी कोणी धाडलं हेही सांगितलं.

भंवरलालजी आपल्या विहिणीकडे, प्रेमबाईंकडे वळले. "समधनजी?"

"मी?" प्रेमबाईंच्या आवाजात फरक पडला नाही. "मी कधी त्या दवाखान्याची पायरी चढले न्हाई. ह्यांच्या वहीत असेल तर आणा ना वही."

तातेरावानं पारसला उषाबाईंकडे पाठवलं. पाऊण तासानं पारस रिकाम्या हातानं आला. यंदाची वही सापडत नाही, असा निरोप होता.

तातेराव समजला. त्या वहीत प्रेमबाईंचं नाव होतं. त्याच पानावर एकतीसशेच्या खाली पाचाच्या आत लिहिलेलं होतं, आणि शेजारी डॉक्टरांची सही होती. सकाळी उषाबाईंनी स्वतःहून त्याला म्हटलं होतं, "तुमची चूक नव्हती, हे आता सिद्ध झालं ना? मग झालं."

"पुष्पाबाईला विचारा," तो म्हणाला.

पुष्पाबाई आली. माजींकडे पाहिलं. म्हणाली, सुट्टी मोठ्या बहूनंच दिली, दर वेळी.

"संतोष, तू बोल," भंवरलालजी म्हणाले.

चौकटीशी घुंगट आतल्या खोलीकडे वळलं. तिच्या दोन मुली आत आजीच्या खोलीत होत्या. प्रेमबाईंनी सकाळीच त्यांना तिथं बसवून कडी लावली होती. हे तातेरावाला नंतर कळलं.

"सहाही वेळा मी आपल्या मनानं गेले," संतोषबाई म्हणाली.

भंवरलालजी उठले. तातेरावासमोर हात जोडून म्हणाले, "दवाखान्याची चूक न्हाई. मला माफ करा." दाराशी आले तेव्हा तिच्यासमोर थांबले आणि निघून गेले. पोलिसात कोणीच गेलं नाही. लिहून तरी काय देणार होते? एका बाईनं स्वतःचं रक्त दिलं, एवढाच गुन्हा.

८

आठवड्यानं पुष्पाबाईनंच येऊन सांगितलं. मोठ्या बहूला नागौरकडच्या कुठल्या गावी, लांबच्या चुलत्याकडे धाडून राह्यले. परत आणायचं न्हाई. मुली माजींजवळ राहतील. पारसचं लग्न माघात ठरलंय.

तातेराव सकाळी स्टेशनवर गेला. का गेला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. संतोषबाई बाकावर बसली होती, शेजारी पत्र्याची पेटी. पारस तिकिटाच्या खिडकीवर होता. तातेरावाला पाहून तिनं घुंगट ओढलं नाही. अठरा वर्षांत तिचा चेहरा त्यानं असा समोरून पहिल्यांदाच पाहिला.

"मी प्रेमबाईंचं नाव घेतलं होतं," तो म्हणाला. "कोणी ऐकलं न्हाई."

"ऐकलं सगळ्यांनी." ती रुळांकडे पाहत होती. "मला एक सांगा भाऊ. तुम्हाला एवढं दिसतं. शीर कोणाची, कातडी कोणाची. मार्चात माझी शीर बोटाखाली आली, तेव्हा तुम्ही थांबला होता. सुई हातात धरून थांबला होता. मी घाबरले होते, आता हा ओढणी वर कर म्हणणार."

तातेरावानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणला असता तर मी तिथंच रडून सगळं सांगितलं असतं. तेव्हा सुगना खात-पीत होती, हसत होती. तुम्हाला कळलं होतं ना?"

लांबून गाडीचा आवाज आला. फलाटावरची माणसं पेट्या उचलायला लागली.

"हाताला कळलं होतं," तातेराव म्हणाला. "बाहेर गर्दी होती. मी सुई घातली."

संतोषबाईनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणीतरी सोबत आहे हे कळल्यावर माणूस जसा जरा सैल होतो, तशी ती झाली.

"मंग आपण दोघं," ती म्हणाली.

पारस तिकिटं घेऊन आला. तिनं घुंगट खाली ओढलं, पेटी स्वतःच उचलली आणि डब्यात चढली.